दहा बोटांची माती

उत्तम ढालेच्या पाठीवर मी माती लावली ती दोन्ही हातांनी, सावकाश, भिंतीला गिलावा करावा तशी.

हलगी कडकडत होती. सलामी झाली होती. कुस्तीला हात घालण्याआधी एकमेकांच्या अंगाला माती चोळायची, ही पैलवानांची रीतच आहे. घामानं निसटणारं अंग हाताला धरवावं म्हणून. त्यानं माझ्या मनगटांना लावली, मी त्याच्या दंडांना लावली. मग मी त्याच्या मागे गेलो आणि दोन्ही खांद्यांच्या पात्यांवर तळवे दाबले, बोटं फाकवून. त्यानं अंग आक्रसलं.

"हात भिजवून आलास व्हय रं, बिरू?"

"घाम हाय," मी म्हटलं.

घाम नव्हता तो. कुस्तीच्या मातीच्या हौदात उतरायच्या आधी कडेच्या पाण्याच्या रांजणात मी मनगटापर्यंत हात बुडवले होते आणि पुसले नव्हते. काव, तेल आणि ताक घालून मळलेली ती तांबडी माती त्या ओल्या हातांना लोण्यासारखी चिकटली, आणि हातांवरून उत्तमच्या पाठीवर जाऊन बसली.

समोर शिंत्रे सर उभे होते. पांढरी विजार, पांढरा सदरा, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. ते शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात खेळाचे मास्तर होते आणि वीस वर्षं आमच्या विभागातल्या कॉलेजांच्या कुस्त्यांचे पंच. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग शिट्टी वाजवली.

साल ब्याऐंशी. बी. ए.चं माझं शेवटचं वर्ष, म्हणजे कॉलेजकडून लढायचंही शेवटचंच. बासष्ट किलोत जो जिंकेल तो विद्यापीठाच्या संघात जाणार, निळा कोट घालणार. येरळेकाठच्या आमच्या धनगरवाड्यात तोवर कुणाच्या अंगावर असला कोट चढला नव्हता. तो मला हवा होता. पण त्याहून एक गोष्ट जास्त हवी होती, आणि ती त्या हौदात उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात लटकत होती.

आदल्या वर्षी याच हौदात, याच उत्तमशी, अंतिम कुस्ती लागली होती. तेव्हा माती त्यानं माझ्या पाठीला चोळली होती. मनात काही नव्हतं त्याच्या. अंगाला घाम फार होता माझ्या, म्हणून चोळली, इतकंच. सातव्या मिनिटाला त्यानं मला ढाक मारली. मी पडलो तो डाव्या खांद्यावर. डोकं आणि टाचा रोवून मान मोडेस्तोवर अंगाचा पूल केला, उजवा खांदा जमिनीपासून चार बोटं वर धरला. माझा खांदा तो, वर होता की खाली, हे मला कळणार नाही तर कुणाला? भोवतीचा धुरळा उठला, हौदाभोवतीच्या बांधावर बसलेले लोक ओरडले आणि शिंत्रे सरांची शिट्टी वाजली.

मी उठून सांगायला लागलो. सर म्हणाले, वळ. आमच्या भागात पंचांची जुनी रीत आहे: निकालावर कुणी हरकत घेतली की पडलेल्याची पाठ लोकांना दाखवायची. पालथा पडून कब्जात गेलेल्या गड्याची छाती, गुडघे, कपाळ मातीनं माखतं; पाठ तेवढी स्वच्छ राहते. ती माखते ती उताणं पडल्यावरच. सरांनी मला दंडाला धरून वळवलं. दोन्ही पात्यांवर माती होती. बांधावर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, धनगराच्या पोरानं घोंगडं पांघरलंय तांबडं.

मी म्हटलं, "सर, ती सलामीची हाय. त्यानं लावलेली. त्यालाच विचारा."

सर म्हणाले, "माती कुणाची भीड धरत नाही, कोळेकर. तिला वाचा नसते, पण ती खोटं बोलत नाही."

लोकांना ते वाक्य आवडलं. टाळ्या पडल्या. मी उत्तमकडे पाहिलं. तो तोवर कुणाच्या तरी खांद्यावर बसून हौदाबाहेर गेला होता.

घरी माझी आई जात्यावर बसली की एक ओवी म्हणायची. मी तालमीत जाऊ लागलो तेव्हा तिनंच जुळवलेली:

*तांबडी तालमीची माती ताका-तेलानं मळिली*
*बाळाच्या माझ्या पाठीनं न्हाई कधी वळखिली*

त्या रात्री मी घरी आलो. कुणीतरी माझ्या आधीच येऊन सांगून गेलं होतं. आईनं पाठीला गरम पाण्यानं शेक दिला. पहाटे जातं फिरू लागलं. बहिणीची ओवी झाली, भावाची झाली, बिरोबाची झाली. माझी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं ती मुद्दाम टाळली असं मी म्हणणार नाही; ओवी खोटी झाली होती, आणि माझी आई देवापुढं आणि जात्यापुढं खोटं म्हणत नसे, एवढंच. पण मी वाकळेखाली पडून रोज पहाटे वाट बघायचो, आणि रोज पहाटे पीठ पडायचं, ओवी पडायची नाही.

तेव्हापासून जोर मारताना मी आकडे मोजत नव्हतो. सरांचं वाक्य मोजत होतो. माती खोटं बोलत नाही: एक. माती खोटं बोलत नाही: दोन. पाचशे व्हायचे, हजार व्हायचे. घाम खाली टिपकून मातीवर अंगाचा आकार उमटायचा, आणि त्या आकाराला सरांचा चेहरा असायचा.

आमचे इलाही वस्ताद म्हातारे होते, पण त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नसे. एकदा त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "पंचाच्या चुकीवर औषध एकच, बेटा. अशी पाड, की आंधळ्याला दिसावी."

मी मान डोलावली. वस्तादांचं औषध मी घेणार होतो. त्यात माझ्या हातची एक मुळी उगाळून.

तर ती शिट्टी वाजली आणि आम्ही भिडलो. उत्तम माझ्याहून उंचीनं चार बोटं जास्त. खडाखडीत, उभ्यानं जोर अजमावताना, तो मानेवर असा भार टाकायचा की गुडघे वाकावेत. पण वर्षभरात मी त्याच्या एकेका सवयीची उजळणी केली होती. डावा पाय पुढं टाकण्याआधी तो श्वास सोडायचा. पहिल्या मिनिटाला सोडला, मी गप्प राहिलो. दुसऱ्या मिनिटाला सोडला आणि मी खाली शिरून त्याच्या पायाचा पट काढला. तो पालथा आला, मी कमरेवर कब्जा घेतला. त्याच्या पाठीला माझा हात लागू दिला नाही. बांधावरून वस्तादांचा आवाज आला, बिरू, घाई नको. मला घाई नव्हती. मी त्याला खेळवला, त्याच्या कोपरातलं बळ जाऊ दिलं, आणि मग असा घिस्सा ओढला की तो माझ्या अंगावरून फिरला आणि उताणा झाला.

शिट्टी वाजली.

हलगीवाला उभा राहून वाजवायला लागला. आमच्या कॉलेजची पोरं हौदात उतरली. शिंत्रे सर माझ्याजवळ आले, माझं मनगट धरलं आणि हात वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं. वर्षभर डोक्यावर असलेलं ओझं उतरावं तसं.

मी हात खाली ओढून घेतला.

"सर," मी म्हटलं, "पाठ लागली न्हाई त्याची."

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा हात धरला. मी पुन्हा ओढला आणि या वेळी बांधावर ऐकू जाईल एवढ्यानं बोललो, "उजवा खांदा वर होता. मला असली कुस्ती नको."

हलगी थांबली. दोनेक हजार माणूस होतं तिथं, आणि कुठंतरी एक बैल घुंगरं हलवत होता ते ऐकू येत होतं.

"मी पाहिलं आहे, कोळेकर," सर म्हणाले. "दोन्ही खांदे लागले."

"मग दाखवा की. वळवा त्याला."

त्यांनी वळवलं. वीस वर्षांची रीत होती, ती त्यांना मोडता येईना. उत्तमची पाठ लोकांकडे झाली, आणि त्या पाठीवर माती होती. दोन्ही पात्यांवर. सर काही बोलणार एवढ्यात मी पुढं झालो, दोन्ही हात वर करून लोकांना दाखवले आणि उत्तमच्या पाठीवर जिथल्या तिथं ठेवले. तळव्याला तळवा आणि बोटाला बोट. मग हात काढले. दहाही बोटं दिसत होती. ज्याला बांधावरून दिसली नाहीत त्याला पुढच्यानं सांगितली.

"सलामीची हाय, सर," मी म्हटलं. "मीच लावलेली. माती खोटं बोलत न्हाई. पर तिला हात कुणाचा लागलाय, त्येबी बघावं लागतं."

आधी एक माणूस हसला, मग दहा, मग सगळा बांध. गेल्या वर्षी ज्यांनी टाळ्या पिटल्या होत्या तेच हे लोक. कुणीतरी ओरडलं, म्हातारा डोळं तालमीत ठेवून आलाय. कुणी म्हणालं, गेल्या वर्साला बी असंच झालं असंल, बिचाऱ्या पोराचं. मेजामागं बसलेले यजमान कॉलेजचे प्राचार्य उठून हौदाशी आले. त्यांनी उत्तमला विचारलं, तुला काय वाटतं, पाठ लागली का? उत्तमनं माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. "मला कळलं न्हाई," तो म्हणाला.

शिंत्रे सरांनी पुढं होऊन उत्तमच्या पाठीकडे जवळून पाहिलं. अगदी जवळून, चष्मा वर करून. मला वाटलं, आता बोलणार. बोलले नाहीत. गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली, शिट्टी प्राचार्यांच्या हातात दिली आणि हौदाबाहेर गेले. माणसं वाट द्यायला बाजूला झाली, आणि त्या वाटेनं ते एकटे गेले. पांढऱ्या विजारीला मागं हाताएवढा मातीचा डाग होता.

गोड लागलं मला. खोटं कशाला सांगू? वर्षभराची तहान अशी एका घोटात भागली, की पुढं काय व्हायचं ते होवो असं वाटलं.

पुढं एवढंच झालं, की दुसरा पंच उतरला आणि कुस्ती नव्यानं लावली. आम्ही पुन्हा भिडलो. माझं मस्तक त्याच्या मानेत, त्याचं माझ्या कानाशी. उत्तम हळू बोलला, फक्त मला ऐकू येईल असं:

"लागली होती माझी, बिरू. दोन्ही बाजूंनी लागली होती. तुला ठावं हाय."

मी म्हटलं, "मग बोलायचं हुतंस."

"तेवढं मोठं काळीज न्हाई माझं," तो म्हणाला. आणि श्वास सोडला.

डावा पाय पुढं येणार होता. मला ठाऊक होतं. मी तो नुसता येताना पाहिला. माझ्या अंगात त्या दिवशी जेवढं होतं तेवढं खर्च होऊन गेलं होतं. त्यानं ढाक मारली, तीच ती गेल्या वर्षीची, आणि मी सरळ पाठीवर पडलो. दोन्ही खांदे मातीला टेकले. या वेळी कुणाला वळायला सांगावं लागलं नाही.

तरी खांद्यावर घेतलं ते मला. जिंकलेला उत्तम पायी चालत होता आणि हरलेला मी लोकांच्या डोक्यांवरून. प्राचार्य माईकवरून बोलले की असा खिलाडू पोरगा या मातीत शंभर वर्षांतून एकदा निपजतो.

लोक पांगल्यावर मी कॉलेजमागच्या हाळावर, गुरांच्या पाण्याच्या कुंडावर, अंग धुवायला गेलो. वाकून डोक्यावर पाणी घेत होतो. पाठीला हात पोचत नव्हता. मागून कुणीतरी तांब्या घेतला आणि माझ्या पाठीवर पाणी ओतलं. मला वाटलं, वस्ताद. वळून पाहिलं तर शिंत्रे सर होते.

"वाक," ते म्हणाले. मी वाकलो. ते तळहातानं माती उतरवत राहिले. माझ्या वडिलांच्या वयाचे होते ते.

"गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांत धुरळा गेला होता," ते म्हणाले. "मला काही दिसलंच नाही. लोक ओरडले आणि मी शिट्टी वाजवली. मग तुझ्या पाठीवर माती बघितली आणि माझा जीव भांड्यात पडला. तुझं ऐकायला पाहिजे होतं. ऐकलं नाही."

मी वाकूनच राहिलो. पाणी नाकावरून टिपकत होतं.

"यंदा मी सकाळपासून तीनदा डोळे धुतले. त्याची पाठ लागली म्हणून शिट्टी वाजवली. तुझं काही फेडायचं म्हणून नाही." ते थांबले. "तुझ्या बोटांचे ठसे ओले होते, गच्च बसलेले. त्यांच्यावर कोरडी माती होती, भुरभुरीत. ती हौदातली. ती आडवं पडल्याशिवाय लागत नाही. मी बघितली. हात ठेवताना तूही बघितलीस."

"मग तिथं का बोलला न्हाईत?"

"गेल्या वर्षी तू बोलत होतास," सर म्हणाले. "काय झालं बोलून?"

त्यांनी रिकामा तांब्या हाळाच्या कडेवर ठेवला. ते उभे राहिले. त्यांना माझ्याकडून एक शब्द हवा होता. चारचौघांत नव्हे, तिथं, त्या हाळापाशी, त्यांच्या एकट्यासाठी. लागली होती, सर. तीन शब्द. त्यांच्या डोळ्यांवर त्यांचा पुन्हा भरवसा बसला असता. मला ते कळत होतं. कळत होतं म्हणूनच मी बोललो नाही. टॉवेल उचलला आणि केस पुसत राहिलो. टॉवेल बाजूला केला तेव्हा ते फाटकापर्यंत पोचले होते.

त्यांनी पुन्हा कधी शिट्टी गळ्यात घातली नाही. आग्रह झाला, तर म्हणत, दिसत नाही आता.

दुसऱ्या दिवशी मी तालमीत गेलो. पोरं माझ्याभोवती जमली. वस्ताद कोपऱ्यात बसून होते. सगळे पांगल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं, माझे दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले आणि एवढंच म्हणाले, "हात पुसून येत जा, बिरू."

मी नंतर तालमीत गेलो नाही. निळा कोट उत्तमनं घातला.

आणि त्याच आठवड्यात, एका पहाटे, जातं फिरू लागलं. बहिणीची ओवी झाली, भावाची झाली, बिरोबाची झाली. मग आई थांबली. घास घातला, खुंटा धरला, आणि गळा मोकळा करून म्हणाली:

*हरला गं बाळ माझा, हरून उजळला*
*खऱ्याचा टिळा त्यानं मातीनं रेखियला*

मी वाकळ तोंडावर ओढली. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते कानावर पडत होतं, आणि मला कानात बोळे घालावेसे वाटत होते. उठून सांगावं, तर तीन पावलांवर ती होती. देवापुढं आणि जात्यापुढं खोटं न म्हणणारी. मी उठलो नाही. ती रोज म्हणत राहिली. शेजारणींनी उचलली, त्यांच्या लेकींनी सासरी नेली. आई गेली, घराघरांतली जाती गेली, पण लग्नाच्या हळदीला एक जातं अजून मांडतात आमच्याकडे.

गेल्या वैशाखात माझ्या पुतणीची हळद होती. उत्तम आला होता. थकलाय आता, काठी घेऊन चालतो. आम्ही दोघं मांडवात खुर्च्या टाकून बसलो होतो. आत बायकांनी जात्याला हळकुंडं घातली आणि एका परक्या गावच्या सुनेनं ती ओवी धरली. तिला ठाऊकही नव्हतं, बाळ कोण ते. शेजारच्या बायकांनी मान हलवत साथ दिली.

उत्तम ऐकत होता. ओवी संपेपर्यंत त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मग काठी मांडीला टेकवली, हात लांब केला आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावरून पाठ झटकली. आधी एक पातं, मग दुसरं.

"काय हाय रं?" मी विचारलं.

"काय न्हाई," तो म्हणाला, आणि झटकत राहिला.